फडावरच्या पोराचे पाच घास

गळीत हंगाम सुरू झाला की श्रीगोंदा तालुक्यात कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. आई-वडील पहाटेच फडात जातात. तीन-चार वर्षांचे मूल सकाळची भाकरी, मधे चहा-बिस्कीट आणि रात्रीचे जेवण यांवर राहते. पोट भरते, गरज भागत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे १०१०, तर चार ते सहा वर्षांच्या मुलाला १३६० किलोकॅलरी लागतात. वजनाच्या हिशेबाने लहानग्याची गरज मोठ्या माणसाच्या अडीचपट असते. जठर मात्र इवलेसे. दोन जेवणांत हे भागत नाही, पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. फडावर ते जमायचे कसे? तेल घालून कुस्करलेली भाकरी, उकडलेले अंडे, शेंगदाणा कूट-गुळाचा लाडू डब्यात असला तर थोड्या घासांत जास्त ऊर्जा मिळते. अख्खे दाणे मात्र नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

चहा लोहाचे शोषण घटवतो, लिंबू वाढवते. श्रीगोंदा तर लिंबांचाच तालुका. वरणावर चार थेंब पिळायला काय लागते!

अंगणवाडीचा आहार निकषानुसार रोज मिळायला हवा. गाव परके म्हणून मुलाचे नाव राहून जाता कामा नये. स्थलांतरितांच्या मुलांचाही त्यावर हक्क आहे. तिथे दंडाचा घेरही मोजून घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पट्टा पडण्याची वाट पाहू नये.