चार किलोची रायफल आणि एक सीटबेल्ट

शिकारीला निघालेल्या माणसाची रायफल दिवसभरात एकदा झाडली जाते, पुष्कळदा एकदाही नाही. खांद्यावर मात्र ती दिवसभर असते. नॉर्वेच्या किंवा अलास्काच्या रानात मूस हरणाच्या मागावर सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालायचं, तर दुर्बिणीसकट चार किलोचं हे धूड हातात धरून कोण चालणार? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडत नाही. पण तो सोडवायला बसलं की एका साध्या पट्ट्यात किती पदार्थविज्ञान दडलंय ते पाहून थक्क व्हायला होतं.

समजा, रायफल जुनी आहे आणि पट्टा अडकवायच्या कड्याच तिला नाहीत. हाताशी सहा मिलिमीटर जाडीची दोरी आहे. एक फास दस्त्याच्या मुठीच्या बारीक भागाला, दुसरा पुढच्या लाकडाला, झाला पट्टा! (फास चापाच्या आसपास येऊ द्यायचा नाही आणि बांधाबांध करताना रायफल रिकामी हवी, हे सांगायला नकोच.) आता ही दोरी खांद्यावर दहा सेंटिमीटर टेकते असं धरू. म्हणजे चार किलोंचा भार जेमतेम सहा चौरस सेंटिमीटरवर. भरल्या बादलीची कडी बोटांत रुतावी तशी ती थोड्याच वेळात रुतायला लागते. त्याच जागी भंगारातल्या मोटारीचा सीटबेल्ट लावा. त्याची रुंदी साधारण पावणेपाच सेंटिमीटर. वजन एका ग्रॅमनंही घटलेलं नाही, पण दाब जवळजवळ आठ पटींनी उतरला.

इथवर शाळेतलं गणित. खरी गंमत पुढे आहे. खांदा म्हणजे सपाट फळी नव्हे. तो मानेकडून दंडाकडे उतरत जातो. पट्ट्याचं एक टोक छातीकडून ओढलं जातं, दुसरं पाठीकडून, आणि दोघांची दिशा सारखी नसते. परिणामी पट्ट्याची एक कड ताठ होते, दुसरी ढिली पडते. नावाला रुंद असलेल्या पट्ट्यातला बोटभर भागच सगळा भार उचलतो आणि कड कापायला लागते. चांगले पट्टे मधे रुंद आणि टोकांना निमुळते का असतात, याचं उत्तर इथे आहे. टोक अरुंद असलं की पट्टा तिथे हवा तसा वळतो आणि मधला रुंद भाग खांद्यावर सपाट बसतो. सीटबेल्टची टोकं दुमडून शिवली की हे घरीच साधतं. पट्टा गुळगुळीत असल्यामुळे घसरतो, म्हणून आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवायचा.

लांबीचं काय? पहाटे जाड कोट, दुपारी नुसता सदरा. पट्टा कमीजास्त करता यायला हवा. बकल नसेल तर गिर्यारोहकांची प्रुसिक गाठ कामाला येते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१मध्ये प्रसिद्ध केली. बारीक दोरीचं कडं जाड दोरीभोवती तीन वेळा गुंडाळायचं. भार नसताना ते हातानं सरकतं. भार आला की गच्च बसतं आणि हलत नाही. अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाचं नाव लागलेलं एक सूत्र अशा वेढ्यांची ताकद सांगतं. घर्षणांक ०.३ धरला, तर खांबाभोवती दोरीचा एक पूर्ण वेढा असताना एका टोकाला एक किलोचा ताण दुसऱ्या टोकाचे साडेसहा किलो थोपवतो. दोन वेढ्यांत ४३ किलो, तीन वेढ्यांत २८०च्या वर! वेढे वाढतात बेरजेनं, पकड वाढते गुणाकारानं.

काहीजण पट्टाच रबरी करतात. तो हलका वाटतो, आणि तो नुसता भास नसतो. पाऊल पडताना ओझं खाली येतं, खांदा त्याला थोपवतो आणि क्षणभर भार वजनापेक्षा जास्त होतो. लवचीक आधार तो झटका बोथट करतो. आपल्या कावडीचा बांबू हेच करतो. आशियातल्या अशा लवचीक काठ्यांवर १९९१मध्ये अभ्यास झाला. त्यात ओझं घेऊन धावणाऱ्याची ऊर्जा काही वाचली नाही, पण खांद्यावरचा कमाल भार कमी झाला. अट एकच: लवचीकपणाची लय पावलांच्या लयीपेक्षा बरीच संथ हवी. दोन्ही लयी जुळल्या की रायफल पाठीवर नाचायला लागते, आणि मग साधी दोरी परवडली म्हणायची वेळ येते.

घाईत पट्टा सरळ नळीलाच बांधायचा मोह होतो. पोलादाला काय होणार! पण पट्टा हाताला गुंडाळून, ताणून नेम धरला की नळी किंचित वाकते. डोळ्याला दिसणार नाही इतकीच, पण शंभर मीटरवर गोळी भलतीकडे लागायला तेवढं पुरतं. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीची पट्ट्याची पुढची कडी नळीवर नेम धरण्यासाठी बसवलेल्या माशीच्या तळाशी आहे. तिथेही पट्टा घट्ट ताणल्यावर गोळ्या सरकतात. म्हणून फास लाकडालाच हवा.

नेम धरायला पट्टा? होय, वाहण्याइतकाच त्याचा हाही उपयोग जुना आहे. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत झोपून आणि गुडघ्यावर बसून मारताना पट्टा चालतो, रुंदी ४० मिलिमीटरपर्यंत. उभ्यानं मारताना मात्र बंदी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ज्या प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, तो ५० मीटर प्रोन म्हणजे झोपून मारण्याचाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेचं २०२४चं ऑलिंपिक कांस्य तिन्ही अवस्थांतलं. या खेळात पट्टा दंडाला आवळलेला असतो, रायफलचा भार स्नायूंऐवजी हाडांवर आणि पट्ट्याच्या ताणावर जातो आणि हात ढिला सोडता येतो. अडचण एवढीच, की दंडातून मोठी रोहिणी जाते. पट्टा तिच्यावर बसला की हृदयाचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलीत उतरतो आणि माशी लक्ष्यावर तालात उडायला लागते. मग पट्टा दंडावर थोडा वर किंवा खाली सरकवून, जाड जाकिटाच्या मदतीनं, तो ठोका चुकवावा लागतो.