क्लच बदलायचाय? आधी मशीन उघडू नका

आपल्याकडे जेसीबी म्हटलं की नालेसफाई आठवते, नाहीतर मिरवणुकीत पुढाऱ्यावर गुलाल उधळणारी बकेट. ही यंत्रं जिथून आली त्या ब्रिटनमध्ये मात्र जुन्या बॅकहो लोडरचा एक वेगळाच संसार आहे. स्टॅफर्डशर परगण्यातल्या रोस्टर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कारखान्यातून १९६३ साली ‘थ्री-सी’ बाहेर पडली. तिच्या वारसदार ‘थ्री-सीएक्स’ला यायला १९८० साल उजाडलं. मधल्या काळातली कितीतरी मशीनं आजही तिथल्या छोट्या शेतकऱ्यांकडे आणि हौशी मंडळींकडे आहेत. चर खणायला, झाडाचं खोड उपटायला वर्षातून थोडे दिवस बाहेर काढायची आणि बाकीचे महिने कुंपणाकडेला पावसात उभी ठेवायची, असा त्यांचा दिनक्रम.

अशा मशीनचा गिअर एके दिवशी खरखरतो आणि मालक निदान करून मोकळा होतो: ‘क्लच गेला!’

इथेच पहिला गैरसमज आहे, आणि सगळ्यात महागही. क्लच दोन वेगळ्या तऱ्हांनी बिघडतो. इंजिन गुरगुरत राहतं पण मशीन पुढे सरकत नाही, तेव्हा क्लच धरत नसतो. पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, खरखरतो, तेव्हा क्लच सुटत नसतो. पहिल्या तऱ्हेत लायनिंग झिजलेलं असू शकतं. पण क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून पाझरलेलं ऑइल प्लेटवर आलेलं असू शकतं. पेडलला मोकळी चाल न उरल्यामुळे बेअरिंग सतत दाबलेलं राहिलंय, असंही असतं. दुसऱ्या तऱ्हेत तर प्लेट बहुतेक वेळा ठणठणीत असते. दोष असतो तो लिंकेजच्या घासलेल्या पिनांचा, हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर सिलिंडरचा, किंवा ब्रिटिश हवेचा.

हवेचा म्हणजे अगदी शब्दशः. ओल्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मशीनची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नेहमीसारखं खाली जातं, प्रेशर प्लेट मागे सरकते, पण मधली प्लेट फ्लायव्हील सोडत नाही. म्हणून जाणते लोक हिवाळ्यापूर्वी पेडल दाबून त्याला लाकडी पट्टीचा टेकू लावून ठेवतात. नुसतं चिकटलेलं असेल तर ते सोडवण्याचे उपाय आहेत. त्यासाठी नवी प्लेट लागत नाही. तेव्हा पाना हातात घेण्याआधी पेडलची चाल मोजा, लिंकेज हलवून पाहा आणि बेल हाउसिंगच्या तळाच्या छिद्रातून काय गळतंय ते बोटावर घेऊन बघा. तिथून गळणारं ऑइल काळंकुट्ट आणि पातळ असेल तर बहुधा इंजिनचं, जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. म्हणजे कोणतं सील मागवायचं ते मशीन उघडण्याआधीच कळतं.

प्रत्येक बॅकहोला कोरड्या प्लेटचा क्लच असतोच, हाही एक गैरसमज. थ्री-सीएक्ससारख्या मशीनमध्ये इंजिनच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर असतो. ताकद ऑइलमधून पुढे जाते आणि पुढे-मागे जाण्यासाठीचे क्लच गिअरबॉक्सच्या पोटात, ऑइलमध्येच फिरतात. तिथे ट्रॅक्टरसारखी कोरडी प्लेट शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. असं मशीन चालेनासं झालं तर ऑइलची पातळी, फिल्टर, दाब आणि ड्राइव्ह तोडणाऱ्या बटणाचं वायरिंग या क्रमाने जावं.

आता उघडण्याकडे. ‘ट्रॅक्टरचा क्लच मी स्वतः बदललाय, हेही तसंच’ असं म्हणणारे बरेच भेटतात. ते अर्धंच खरं आहे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सची खोकीच पाठीचा कणा असतात. बेल हाउसिंगचे बोल्ट काढून ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सारायचा, एवढंच काम. बॅकहोला मात्र पुढे लोडरचे हात, मागे खोदणारी बूम आणि त्यांचा भार पेलायला चौकट असते. मशीनप्रमाणे कधी इंजिन पुढे काढावं लागतं, कधी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. कॅब, होस, पाइप सोडवण्यातच दिवस जातो. शिवाय वजनाचा तोल! बूममुळे मागचा भाग जड. पुढचं वजन सुटलं की मागचा भाग कुठे झुकेल याचा अंदाज चुकला, तर माणूस चिरडला जातो. म्हणून लोडरचे हात जमिनीवर टेकवा किंवा त्यांना लोखंडी आधार द्या, हायड्रॉलिकचा दाब सोडा, आणि जॅकवर कधीही विसंबू नका. जॅक उचलण्यासाठी असतो; वजन पेलायचं काम लोखंडी घोड्यांचं (स्टँडचं) आणि जाड लाकडी ओंडक्यांचं.

एकदा उघडलं की समोर काळी पूड दिसते आणि हात आपसूक एअर लाइनकडे जातो. थांबा. जुन्या क्लच लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलं जाई. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ साली बंदी आली, पण पांढरं मात्र १९९९पर्यंत चालू होतं. १९७० सालच्या मशीनमधली पूड निव्वळ धूळ आहे असं धरून चालणं म्हणजे फुफ्फुसांशी जुगार. त्या तंतूंमुळे होणारे आजार कित्येक दशकांनी डोकं वर काढतात. हवा मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा आणि योग्य मास्क वापरा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सर्रास हवा मारतात, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

‘प्लेट तेवढी बदला, बाकी चांगलं आहे’ ही काटकसर खिशाला परवडत नाही. या कामात खरा खर्च सुट्या भागांपेक्षा मशीन उघडण्याचा. रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि दोन्ही सील त्यामानाने स्वस्त असतात; त्यातलं एक जरी नंतर गेलं, तरी पुन्हा सगळं खोलावं लागतं. उलट फ्लायव्हील प्रत्येक वेळी लेथवर घासलंच पाहिजे, असं मुळीच नाही. निळे डाग, केसासारख्या भेगा किंवा खोल चरे नसतील तर स्वच्छ करून तेच बसवा.

पाने हा छोटा पण चिडचिड करायला लावणारा विषय. ब्रिटिश मशीन म्हणजे व्हिटवर्थ, असं अनेकजण धरून चालतात. पण ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ सालीच समान इंची आटे ठरवले होते, आणि साठच्या दशकातल्या मशीनवर बहुतेक तेच भेटतात. अशा इंची बोल्टवर जवळपासचा मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि बोल्टचं डोकं खातो.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रारही अर्धवटच. तयार प्लेट नाही मिळाली तरी जुन्या प्लेटवर नवं लायनिंग मारून देणारे कारागीर तिथेही आहेत आणि कोल्हापूर-पुण्यातही. फक्त मधला स्प्लाइनचा हब आणि स्प्रिंगा धड असायला हव्यात.

बसवताना प्लेटची बाजू तपासा. उलटी बसली तर तिचा हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासू शकतो. डमी शाफ्ट घालून ती मध्यावर आणा. गिअरबॉक्स हाताने सरकत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका. हब तिथेच वाकतो किंवा तुटतो, आणि दोष मात्र नव्या प्लेटच्या माथी मारला जातो. जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटला बोटं असतात. त्यांची उंची सारखी नसेल तर क्लच थरथरत धरतो.

आणि नवा क्लच बसवला की लिंकेजकडे पुन्हा पाहायला नको, हे विसरा. लायनिंग झिजतं तशी ती बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. नवं लायनिंग बसायला लागतं तेव्हा हे लवकर घडतं. म्हणून थोडे तास काम झालं की मॅन्युअलमध्ये दिलेली चाल पुन्हा मोजून लिंकेज जुळवून घ्यावी, आणि पुढेही दर सर्व्हिसला ती बघावी.