फळ्याच्या कोपऱ्यातली बातमी

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गात रोज सकाळी एक वर्तमानपत्र निघतं, हे ठाऊक आहे का? त्याला ना छापखाना लागतो, ना पेपरवाला. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेल्या चार-पाच ओळी, बस्स! वार, दिनांक, सुविचार आणि खाली दोन आकडे : पट ४०, हजर ३४.

सुविचार आपण वाचतो, कधी वहीत उतरवूनही घेतो. त्या दोन आकड्यांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. मॉनिटर जुना आकडा पुसतो, नवा लिहितो, की झालं काम. पण पाचवी ते सातवीच्या गणितातले बरेच धडे या दोन आकड्यांत दडून बसलेत. अपूर्णांक आहे, शेकडेवारी आहे, सरासरी आहे, आलेख आहे. आणि आपल्या वर्गाची खरी बातमीही तिथंच आहे. चला, आज ती बातमी वाचायला शिकू या.

आमचे चाळीस, तुमचे चौतीस!

समजा तुमचा वर्ग सहावी अ. पट ४०, हजर ३४. शेजारची सहावी ब. तिथे पट ४८, हजर ४०. ब तुकडीतली मुलं मधल्या सुट्टीत ऐट करतात, "आमचे चाळीस आले, तुमचे चौतीसच!" आता काय उत्तर द्याल?

भांडू नका, अपूर्णांक मांडा. तुमचा अपूर्णांक ३४/४०. अंश आणि छेद दोघांनाही २ ने भागा. झाले १७/२०. म्हणजे दर वीस मुलांमागे सतरा हजर. ब तुकडीचा ४०/४८. दोघांना ८ ने भागा. झाले ५/६. दर सहा मुलांमागे पाच हजर.

पण १७/२० मोठा की ५/६? छेद वेगळे, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. इथेच शेकडेवारी मदतीला येते. शेकडेवारी म्हणजे एक साधा प्रश्न : दोन्ही वर्गांचा पट शंभर असता, तर किती हजर असते? विसाचे शंभर करायला पाचने गुणायचं. सतरा पाचे पंच्याऐंशी. तुमची हजेरी ८५ टक्के. ब तुकडीची? पाच गुणिले शंभर, भागिले सहा. ८३ टक्क्यांहून थोडी जास्त. मुलं त्यांची जास्त, पण हजेरी तुमची चांगली! नुसता आकडा कधी कधी फसवतो, तो कशापैकी आहे हे विचारावंच लागतं.

गुरुवारी काय झालं?

आता एका आठवड्याचे 'हजर' आकडे घेऊ. सोमवार ३६, मंगळवार ३७, बुधवार ३८, गुरुवार २६, शुक्रवार ३६, शनिवार ३७. यांची सरासरी किती?

सगळ्यांची बेरीज करून सहाने भागता येईल. पण एक सोपी युक्ती आहे. मनाशी एक आकडा धरा, समजा ३६. आता प्रत्येक दिवस छत्तीसपेक्षा किती कमी किंवा जास्त, तेवढंच लिहा : शून्य, अधिक १, अधिक २, उणे १०, शून्य, अधिक १. बेरीज आली उणे ६. सहा दिवसांत वाटली की उणे १. छत्तीसातून एक गेला, राहिले ३५. सरासरी ३५! खात्री करायची असेल तर सरळ बेरीज करून बघा, २१० येईल. भागिले ६, पुन्हा ३५.

आता गंमत पाहा. सरासरी ३५, पण सहा दिवसांत एकाही दिवशी ३५ मुलं नव्हती. सरासरीनं आपला गुरुवार लपवून ठेवला. तेच आकडे चौकटीच्या कागदावर घ्या आणि सहा उभे स्तंभ काढा. पाच स्तंभ जवळजवळ सारखे आणि मध्येच एक खड्डा! आलेख काही लपवत नाही.

मग वर्गात विचारायचं, गुरुवारी काय होतं? कुणीतरी सांगेल, गावचा बाजार. कुणी भाजीच्या पाटीशी बसलं होतं, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं. ही झाली बातमी. आकड्यानं बोट दाखवलं आणि आपण विचारलं, म्हणून ती कळली.

चौतीस मुलांचा तांदूळ

शाळेत हजेरी झाली की आणखी एक जण तो आकडा विचारायला येतो. कोण? खिचडी शिजवणाऱ्या मावशी! शालेय पोषण आहार, ज्याला २०२१ पासून 'पीएम पोषण' म्हणतात, त्यात धान्याचं माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम.

सहावी अ मध्ये ३४ हजर. ३४ गुणिले १५०, म्हणजे ५,१०० ग्रॅम. पाच किलो शंभर ग्रॅम तांदूळ काढायचा. आता समजा, कुणी हजेरी न घेताच 'सगळे हजर' असं लिहून टाकलं. चाळीस जणांचा तांदूळ किती? सहा किलो. फरक ९०० ग्रॅमचा. एवढ्याशा तांदळानं काय होतंय, असं वाटेल. थांबा, गुणाकार पुरा करू. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार सहावी ते आठवीची शाळा वर्षाला निदान २२० दिवस भरायला हवी. ९०० ग्रॅम गुणिले २२०. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार ग्रॅम, म्हणजे १९८ किलो! एका वर्गाच्या एका चुकीच्या आकड्यामागे जवळजवळ दोन क्विंटल तांदूळ. आणि उलटं झालं, आकडा कमी लिहिला, तर कुणाच्या तरी ताटात खिचडी कमी पडणार. म्हणून फळ्यावरचा आकडा खराच हवा.

पिकांचे आणि भुकेचे आकडे खरे असावेत, म्हणून आयुष्यभर काम केलेले एक मोठे संख्याशास्त्रज्ञ आपल्या महाराष्ट्रातच जन्मले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी. सगळी शेतं मोजत न बसता, चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे थोडेच तुकडे निवडायचे, तिथलं पीक कापून मोजायचं आणि त्यावरून साऱ्या मुलखाच्या पिकाचा अंदाज बांधायचा, या पद्धतीवर त्यांनी मोठं काम केलं. पुढे रोम इथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. जगात किती माणसं उपाशी आहेत, हे मोजायचं कसं, याचा त्यांनी अभ्यास केला. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या कामाची सुरुवातही मोजण्यापासूनच होती, तुमच्या मॉनिटरसारखी!

कोयता एक, माणसं किती?

काही शाळांतल्या फळ्यावर दिवाळीनंतर वेगळीच बातमी येते. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. घरी सांभाळायला कुणी नसलं की मुलंही बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून आईबापांबरोबर जातात. मग पट ४०, पण हजर ३१, पुन्हा ३१, पुन्हा ३०. हा बाजाराच्या दिवसाचा खड्डा नाही. हा महिनोन्‌महिने भरून न येणारा खड्डा आहे.

ऊसतोडीतली मोजणी कशी असते, माहीत आहे? मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसं दोन, आकडा एक. आणि त्यांच्या पाठीशी असलेली मुलं? ती या हिशेबात येतच नाहीत. ती मोजली जातात फक्त शाळेच्या पटावर. म्हणून 'गैरहजर ९' हा आकडा पुसण्याआधी एकदा नीट वाचायला हवा. ही नऊ मुलं आळशी नाहीत. ती आपल्या वर्गाचीच आहेत आणि सध्या दूर आहेत.

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांजवळ साखरशाळा भरल्या. तरी बरीच मुलं सुटतात. समजा, २२० दिवसांपैकी ११० दिवस बुडाले. अर्धं वर्ष गेलं. आणि गणिताचं एक वाईट असतं. इतिहासात शिवाजी महाराजांचा एक धडा बुडाला, तरी पुढचा वाचता येतो. अपूर्णांकांचा धडा बुडाला, तर शेकडेवारी अडते आणि शेकडेवारी अडली की नफा-तोटा अडतो. मग मूल म्हणतं, "मला गणित येतच नाही."

एक वही काढा

यावर तुम्हाला काही करता येईल? येईल. वर्गात मिळून एक 'बातमी वही' ठेवा. रोज एकानं फक्त चार ओळी लिहायच्या :

पहिली : दिनांक, पट, हजर.
दुसरी : हजेरी अपूर्णांकात आणि टक्क्यांत.
तिसरी : आज गणितात काय शिकलो, त्याचं एकच उदाहरण, सगळ्या पायऱ्यांसकट.
चौथी : वर्गाची एक बातमी.

पाच मिनिटांचं काम. पाळी रोल नंबरनं. दोन नियम मात्र पाळा. गैरहजर मुलांची नावं लिहायची नाहीत, कारण वही कुणाची चहाडी करायला नाही. आणि उदाहरण असं लिहायचं, की त्या दिवशी न आलेल्या मुलालाही कळावं. नुसतं उत्तर लिहून चालणार नाही.

अशी वही वर्षभर चालली, तर एप्रिलमध्ये परत आलेल्या मैत्रिणीच्या हातात ठेवायला तुमच्याजवळ शंभराहून जास्त सोडवलेली उदाहरणं असतील, तीही तिच्याच वर्गातल्या मुलांच्या अक्षरात. तिच्याशेजारी बसून रोज दोन उदाहरणं सोडवा. समजावून सांगताना तुमचंही गणित पक्कं होईल. अपूर्णांकाला समान छेद का द्यायचा, हे दुसऱ्याला सांगायला लागलं, की आपल्याला ते किती कळलंय ते लगेच कळतं!

आई-बाबांसाठी चार शब्द

"आज शाळेत काय झालं?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही." रोजचाच अनुभव ना? त्याऐवजी विचारून बघा, "आज पट किती, हजर किती?" मग पुढचं, "म्हणजे पाऊण वर्ग तरी होता का?" चाळीसचे पाऊण तीस, हे मूल बोटांवर शोधेल. शोधू द्या. पेन्सिल त्याच्या हातातून घेऊ नका आणि उत्तर चुकलं तर ओरडू नका. "कसं केलंस ते सांग," एवढंच म्हणा. सांगता सांगता पुष्कळदा चूक त्याची त्यालाच सापडते.

आपलं शिक्षण कमी झालंय, आपण काय गणित विचारणार, असंही मनात आणू नका. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे अपूर्णांक तुमच्या रोजच्या बोलण्यात आहेत. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी विचारा. चौतीसाची दीडपट एक्कावन्न, हे पाठ असलेले आजोबा आमच्या सहावी अ च्या तांदळाचा हिशेब कागदाशिवाय करतील. नातवाला तो पुस्तकातून करून दाखवू द्या. दोघांची उत्तरं जुळली, की दोघांनाही आनंद होईल.

जाता जाता एक कोडं

एका वर्गाचा पट ३६. सोमवार ते शुक्रवार हजेरीची सरासरी ३०. बाई म्हणाल्या, "सहा दिवसांची सरासरी ३१ झाली, तर शनिवारी मैदानावर खेळ!" शनिवारी किती मुलं यायला हवीत? आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा.

उत्तर : पाच दिवसांची बेरीज ५ गुणिले ३०, म्हणजे १५०. सहा दिवसांची हवी ६ गुणिले ३१, म्हणजे १८६. फरक ३६. सरासरी फक्त एकानं वाढवायची, पण त्यासाठी शनिवारी अख्खा वर्ग यायला हवा. एक जण जरी राहिला, तरी खेळ नाही. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच ज्याच्या त्याच्या घरी जाऊन बोलावून या!