कार्ड सीमा ओलांडते का?

सुरंगीत स्थायिक झालो तरी आपले नातेवाईक नाशिक-मुंबईकडेच. मोठे ऑपरेशन निघाले की पाय तिकडे वळतात. मात्र निघण्यापूर्वी हातातले कार्ड कोणते, ते पाहा. २०१८ मध्ये सुरू झालेले केंद्राचे आयुष्मान कार्ड देशभर योजनेतल्या रुग्णालयांत चालते. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्राची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. इथले रेशनकार्ड तिथे चालत नाही. ७० वर्षे पूर्ण झालेल्या आजी-आजोबांना आयुष्मानसाठी २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. तरुण मित्रांनो, त्यांचे कार्ड आजच काढून द्या. ‘हे रुग्णालय, हा उपचार योजनेत आहे का?’ हे १४५५५ वर आधीच विचारा. पेशंटला घेऊन काउंटरवर उभे असताना हे कळून उपयोग नाही.