मासे वाढवायचे तर आधी पाणी

एक लिटर हवेत साधारण 275 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 25 अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून विरघळून मावतो तो अवघा 8 मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी तापले की त्याहूनही कमी. कोंबड्या किंवा शेळ्या पाळणाऱ्याला जनावरांच्या श्वासाची चिंता क्वचितच करावी लागते. मासे पाळणाऱ्याला ती रोज करावी लागते, आणि या धंद्यात नव्याने उतरताना नेमकी तीच बाजूला पडते. बीज कुठे मिळेल, खाद्य कोणते घ्यावे, भाव किती येईल, हे प्रश्न आधी विचारले जातात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. मत्स्यशेती ही आधी पाण्याची शेती आहे, मासा हे तिचे दुसरे पीक.

कटला, रोहू आणि मृगळ ही जुनी तिकडी बघितली तरी हे ध्यानात येते. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी टिपतो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी कुजलेला काडीकचरा खातो. तिघांची ताटे वेगळी, म्हणून एकाच तळ्यात ते एकमेकांच्या आड येत नाहीत. शिवाय त्या ताटांतले बरेचसे अन्न तळे स्वतःच तयार करते. म्हणूनच जाणकार मत्स्यशेतकरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडण्याआधी काही आठवडे पाण्यावरच राबतो. जुन्या तळ्यात लपलेले मांसाहारी मासे काढण्यासाठी मोहाची पेंड टाकतात. मीटरभर खोलीच्या पाण्याला हेक्टरी सुमारे 2,500 किलो. तिच्यातल्या सॅपोनिनने ते मासे मरतात, पुढे विषाचा अंमल उतरतो आणि तीच पेंड खत बनते. चुन्याने पाण्याची आम्लता जाते, शेणखताने प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढू लागतात. पाण्याला हिरवट-तपकिरी रंग चढला की हात बुडवून बघायचा. तळवा साधारण कोपरापर्यंतच्या खोलीवर दिसेनासा झाला तर पाणी तयार आहे; फार आधीच दिसेनासा झाला तर प्लवंग अति झाले.

हे अति होणे धोक्याचे का, ते रात्री कळते. दिवसा उन्हात पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती प्राणवायू सोडतात. सूर्य मावळला की त्या थांबतात, पण श्वास सगळेच घेत राहतात: मासे, प्लवंग आणि तळाशी उरलेले खाद्य कुजवणारे जिवाणू. परिणामी पहाटे, उजाडण्याच्या थोडे आधी, प्राणवायू सर्वांत कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर मासे निवांत वाढतात. त्याखाली बराच काळ राहिले की खाणे मंदावते, आणि पातळी फारच उतरली की मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात. सलग दोन-तीन दिवस आभाळ भरून आले तर दिवसाची भरपाईही होत नाही. अशा दिवशी खाद्य थांबवणे आणि एअरेटर चालवणे हाच शहाणपणा. मासे लवकर वाढावेत म्हणून घातलेले जादा खाद्य वाया तर जातेच, शिवाय कुजताना माशांच्या वाट्याचा प्राणवायू खाते आणि अमोनिया वाढवते.

यावर कोणी म्हणेल, खरी अडचण बीजाची आहे. एके काळी होतीही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पावसाळ्यात नद्यांमधून जिरे, म्हणजे अगदी लहान पिल्ले, धरावे लागत आणि त्यात नको त्या माशांची पिल्लेही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींकडून अंडी घालून घेतली आणि बीज माणसाच्या हाती आले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. निकृष्ट बीज आजही विकले जाते, त्याबाबत काटेकोर राहायलाच हवे. पण उत्तम बोटुकलीही बिघडलेल्या पाण्यात वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तळ्यातून हेक्टरी तीन-चार टन मासे काढत बसण्यापेक्षा बायोफ्लॉकच्या टाकीत थोड्या जागेत कितीतरी जास्त का काढू नयेत? तंत्र खोटे नाही. गूळ किंवा मळी घालून जिवाणूंचे गुच्छ वाढवतात, ते अमोनिया शोषतात आणि मासे त्यांनाच खातात. मात्र इतक्या दाटीत हवा चोवीस तास द्यावी लागते. भारनियमनात जनरेटर नसेल तर काही तासांत सगळी टाकी जाते. दाटीची किंमत देशाने एकदा मोजली आहे. 1994-95 मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूरोग आला. एका तळ्याचे सोडलेले पाणी दुसरे तळे आत घेत होते, त्यामुळे तो झपाट्याने पसरला. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टी नियमन क्षेत्रातले कोळंबी प्रकल्प बंद करण्याचा आदेश दिला, आणि 2005 मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र कायदा आला. भांडवल, वीज आणि रोजची पाणी-तपासणी जमणाऱ्याने दाट पद्धत जरूर करावी. पहिल्याच वर्षी कर्ज काढून करणाऱ्याला ती सुचवणे मला अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्रात पाण्याचा हा विचार शेततळ्यांमुळे तातडीचा झाला आहे. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर त्यांची संख्या वाढली. त्यांतल्या अनेकांत प्लास्टिकचे अस्तर असते. माती आणि पाण्याचा संबंध तुटल्याने तिथे नैसर्गिक अन्न कमी तयार होते, म्हणून बोटुकली कमी सोडावी आणि पेंड-कोंडा मोजून द्यावा. शेतकऱ्याची रास्त अडचण अशी की फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी पिकाला जाते आणि मासा किलोचा व्हायला जवळजवळ वर्ष लागते. तिथे आदल्या वर्षी दाटीत ठेवून वाढ खुंटवलेली मोठी बोटुकली उपयोगी पडते. मोकळे पाणी आणि पुरेसे अन्न मिळाले की ती झपाट्याने अंग धरते. तळे उतरत जाईल तशी विक्री करता येते, आणि माशांच्या विष्ठेतले नत्र-स्फुरद उतरलेले ते पाणी कांद्याला किंवा डाळिंबाला दिले की थोडा खताचा खर्चही वाचतो.