जुन्या आज्ञावल्यांचें जतन व पारख

महाड तालुक्यांतील बिरवाडी हें गांव इतिहासाभ्यासकांस शिवथरघळीच्या वाटेवरील ठिकाण म्हणून परिचित आहे. ती घळ शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं जुन्या कागदांतील उल्लेखांवरून शोधून काढिली. कागद टिकला व तो वाचणारा भेटला, म्हणूनच स्थळ निश्चित झालें. परंतु टिकूनही वाचतां न येणारे असे कांहीं लेख अलीकडे आपल्या संग्रहांत सांठत चालले आहेत; त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

बिरवाडीच्या एखाद्या घरांतील मोडी दप्तराचें बाळबोध लिप्यंतर १९९५ च्या सुमारास संगणकावर करून फ्लॉपीवर ठेविलें, आणि पुढें महाड परिसरांतील २२ जुलै २०२१ च्या महापुरांत मूळ रुमाल नष्ट झाले, असें समजूं. आतां फ्लॉपीवरील प्रत हीच एकमेव प्रत होय. ती उघडावी, तर पडद्यावर रोमन अक्षरें व चिन्हें यांचा केवळ गोंधळ दिसतो.

याचें कारण असें. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. कोठें अर्धाक्षर, कोठें मात्रा, कोठें काना. जागांचा हा क्रम प्रत्येक निर्मात्याचा निराळा होता. भारतीय लिपींसाठीं इस्की हें प्रमाण १९९१ सालीं ठरलें, व त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तथापि विंडोजमध्यें युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. तोंपर्यंत लिहिलेला मजकूर वाचण्यास तोच फॉन्ट, आणि पुष्कळदां तीच आज्ञावली लागते. मोडी न जाणणाऱ्यापुढें मोडी कागद ठेवावा, तसाच हा प्रकार आहे.

अशा आज्ञावल्या सार्वजनिक संग्रहांत कधीं कधीं मिळतात. १९९६ सालीं स्थापन झालेलें इंटरनेट आर्काइव्ह हा त्यांतील प्रमुख संग्रह होय. परंतु तेथें कोणासही वस्तु ठेवितां येते. संग्रह प्रतिष्ठित आहे, एवढ्यावरून त्यांतील प्रत्येक प्रत अस्सल ठरत नाहीं. २०२४ सालीं खुद्द या संस्थेवरच हल्ला होऊन सुमारें ३ कोटी १० लक्ष सभासदांची माहिती चोरीस गेली. सबब प्रत उतरवून घेतांना हस्तलिखिताचीच पारख लावावी.

प्रथम प्रत कोणीं, कोठून आणिली तें पाहावें. मूळ तबकडीची संपूर्ण प्रतिमा मिळत असल्यास तीच घ्यावी. मध्यस्थानें पुन्हां बांधलेली किंवा कुलूप तोडलेली प्रत टाळावी. नंतर हॅश ताडून पाहावा. एसएचए-२५६ या रीतीनें प्रत्येक फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा निघतो व एक अक्षर बदललें तरी तो बदलतो. पत्राअखेरचें मोर्तब जें काम करी, तेंच हा ठसा करितो. एमडी५ ही जुनी रीत २००४ पासून या कामीं विश्वसनीय राहिलेली नाहीं. मात्र ठसा जुळला, म्हणजे प्रत वाटेंत बदलली नाहीं इतकेंच सिद्ध होतें. मुळांतच विषाणु असल्यास तो कळत नाहीं. म्हणून दोन स्वतंत्र ठिकाणच्या प्रती मिळवून ताडाव्या व विषाणुशोधक चालवावा. त्यानंतरही ती आज्ञावली नित्याच्या संगणकावर न उघडतां आभासी यंत्रांत, इंटरनेट तोडून, चालवावी.

आणखी एक गोष्ट. आज्ञावली बाजारांतून गेली म्हणजे तिचा हक्क संपला असें नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं झालेल्या दुरुस्तीपासून संगणक-आज्ञावलीची व्याख्या स्पष्ट असून ती वाङ्मयकृतींत गणली जाते. निर्माता हयात असल्यास आधीं त्याजकडे विचारणा करावी, हेंच प्रशस्त.

मूळ फ्लॉपीचें लेखन-छिद्र उघडें ठेवून ती प्रथम जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि पुढील सर्व काम त्या नकलेवर करावें. मजकूर वाचतां येऊं लागला, कीं तो युनिकोडांत आणावा. येथें सावधगिरी हवी. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधीं व रफार अक्षरानंतर लिहीत. युनिकोडांत हा क्रम उलटतो. रूपांतर करितांना नेमक्या याच जागीं चुका होतात, आणि एका रफारानें व्यक्तीचें किंवा गांवाचें नांव बदलूं शकतें. म्हणून मूळ पडदा व नवी प्रत शेजारीं ठेवून ओळ न् ओळ ताडावी.

शेवटीं जुनी फाइल, तिचा फॉन्ट, आज्ञावली, ठसा व नवी प्रत ही सर्व एकत्र बांधून तीन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं. त्यांपैकीं एक तरी सावित्रीच्या पुरापासून दूर असावें. मोडी वाचणारे अद्याप भेटतात; परंतु १९९५ चा फॉन्ट एकदां नाहींसा झाला, तर त्यांत लिहिलेलें दप्तर वाचून दाखविणारा कारकून मिळणें दुर्घट आहे. ज्यांच्या कपाटांत अशा फ्लॉप्या असतील, त्यांनीं हें काम पुढील पावसाळ्यापूर्वींच हातीं घ्यावें, ही विनंति.