बेल्ह्याचा सोमवार : 2011 ते 2023

जुन्नरला आलेला पाहुणा शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट करून माघारी फिरतो. आळेफाट्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर रस्त्यावरचं बेल्हे त्याच्या गावीही नसतं. सोमवारचा इथला बैलबाजार पाहिल्याशिवाय मात्र हा मुलूख पुरता कळायचा नाही.

या बाजाराला ग्रहण लागलं ते जुलै 2011 मध्ये. खेळ-करमणुकीसाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत केंद्राने बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर पडदा टाकला. जुन्नर-आंबेगावात गाडा चढाच्या घाटात पळतो, पुढे घोडी असते. बंदीनंतर हे घाट ओस पडले आणि पळाऊ खोंडांचं गिऱ्हाईक तुटलं. नांगराचा बैल ट्रॅक्टरने आधीच मागे सारला होता. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी आली, तेव्हा थकलेला बैल कुणाला विकायचा हाही प्रश्न झाला. 2017 मध्ये राज्याने शर्यतींसाठी कायदा बदलला, पण उच्च न्यायालयात गाडं अडलं. 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हा इथल्या जत्रा गाड्याविनाच होत होत्या.

16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. लगेच 2022 मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद पडले. अखेर 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

एवढ्या उलथापालथीत सौद्याची रीत तीच राहिली. खिल्लार खोंडाचा जबडा उघडून दात पाहायचे : दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. मग चालवून पाय पाहायचे. भाव ठरतो तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही.

जायचं तर सोमवारी, तेही सकाळीच. पुण्याहून आळेफाट्यापर्यंत नाशिक रस्ता, तिथून नगरची एसटी. वाटेत मासवडी मिळाली तर सोडू नका. पुढे आणे घाटात गुळंचवाडीचा नैसर्गिक पूल आहे. आण्याला रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. बाजारात फोटो काढण्याआधी मालकाला विचारा आणि बैलाच्या मागून जाऊ नका. जुन्नरच्या सहलीत किल्ल्यांना दोन दिवस देत असाल, तर एक सोमवार बेल्ह्यालाही द्या.